दुखणे बाईचे, उशीर घराचा

शनिवार-रविवारी लोहगड पाहायला येणाऱ्यांना आमच्या लोहगडवाडीत घरोघरी पिठले-भाकरी मिळते. अशाच एका रविवारी शेजारच्या मावशींचा उजवा हात भाकरी थापता थापता लुळा पडला. जीभ जड झाली. घरच्यांनी निदान केले, "उपवासाने चक्कर आली." कांदा हुंगवला, साखरपाणी पाजले, निजवून ठेवले. दुपारी तोंड वाकडे झाले तेव्हा गाडीची शोधाशोध सुरू झाली. मावशी वाचल्या, पण हात कायमचा गेला.

हा अर्धांगवायू. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या 4.5 तासांतच देतात, तेही सी. टी. स्कॅन करून, रक्तस्राव नाही अशी खात्री झाल्यावर. गायमुख खिंडीतून भाजे, मळवली असे खाली उतरायला वेळ लागतो, हे खरे. पण मावशींचा वेळ घाटात गेला नाही, घरात गेला.

हा दोष जितका अज्ञानाचा, तितकाच सवयीचा आहे. घरातल्या कर्त्या पुरुषाचा हात असा लुळा पडता, तर आपण चक्कर म्हणून स्वस्थ बसलो असतो काय? बाईचे दुखणे म्हणजे अशक्तपणा, हे आपण आधीच ठरवून टाकलेले असते.

चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, एक हात खाली येणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे स्त्री-पुरुषांत सारखीच. स्त्रियांत कधी त्यांच्या जोडीला एकाएकी भांबावणे, मळमळणे, गळून जाणे दिसते, आणि घरच्यांची फसगत होते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तर धोका अधिक. बाळंतिणीचे पाणी तोडणे, सणासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेणे, त्यात निर्जळी उपवास करणे, यांनी मेंदूच्या शिरांत गुठळी होऊ शकते. अशा वेळी असह्य डोकेदुखी, अंधुक दिसणे वा झटके म्हणजे 'बाहेरची बाधा' नव्हे.

मग करायचे काय? हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला सांगा, एक वाक्य म्हणायला सांगा. एक जरी चुकले तरी 108 क्रमांक फिरवा. घास-पाणी देऊ नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. लक्षण दिसले ती वेळ लिहून ठेवा. काही मिनिटांत बरे वाटले, तरीही दवाखाना गाठा. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावचे रस्ते झाडतो. यंदा एक संध्याकाळ घराघरांत जाऊन एवढे सांगू या. आणि सुरुवात आपल्या घरापासून करू या: आई "हात जड वाटतोय रे" म्हणाली, तर पुस्तक मिटून आधी तिच्याकडे पाहावे, मग घड्याळाकडे.