सताड उघड्या वेशी

बारामतीच्या उसाचे नाव आता साता समुद्रांपलीकडे गेले आहे. २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी इथल्या फडांत चाललेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगाची जगापुढे वाहवा केली, आणि आम्हां तालुकावाल्यांची छाती वीतभर फुगली. फुगावी, त्यात वावगे काही नाही. पण वाचकहो, त्याच बारामतीत किंवा शेजारच्या इंदापुरात एखाद्या सेवा केंद्रात जाऊन तासभर नुसते उभे राहा. कोणी सातबारा काढायला आलेला असतो, कोणी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला. पडद्यावर एक चौकट उगवते आणि इंग्रजीत काहीतरी विचारते. खुर्चीवरचा पोरगा ती वाचत नाही. 'अलाऊ'वर टिचकी मारतो. दुसरी उगवते, तिच्यावरही मारतो. विचारले तर म्हणतो, "गुरुजी, अलाऊ केल्याबिगर पुढंच सरकत नाय."

त्या पोराला मी दोष देत नाही. माझे भांडण त्याला ही सवय लावणाऱ्यांशी आहे. सवय लावायची यांनी, आणि चोरी झाली की 'नागरिकांनी दक्षता बाळगावी' असे फलकही यांनीच लावायचे!

आधी ही चौकट काय विचारते ते समजून घेऊ. आपण इंटरनेटवर एखादे पान उघडतो तेव्हा नुसता मजकूर येत नाही. त्याच्याबरोबर हुकमांची एक चिठ्ठीही येते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. १९९५ साली नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइक या गृहस्थाने या चिठ्ठ्यांची भाषा, म्हणजे जावास्क्रिप्ट, अवघ्या दहा दिवसांत उभी केली. तिचे उपकार मोठे आहेत. तिच्यावाचून पडद्यावरचा नकाशा सरकणार नाही की बँकेचा फॉर्म चुकलेली तारीख दाखवणार नाही. पण हे हुकूम पाळले जातात ते आपल्या यंत्रावर, आपल्या घरात. आणि एका पानाबरोबर अनेकदा दहा तिऱ्हाइतांच्या चिठ्ठ्या येतात: जाहिरातवाल्याची, मोजदाद करणाऱ्याची, आणखी कुणाकुणाची. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर चोरांनी अशाच एका चिठ्ठीत काही ओळी घुसडल्या. ग्राहक खऱ्या दारातून आत गेले, खऱ्या खिडकीशी पैसे भरले, आणि कार्डाचे आकडे चोरांकडे गेले. चार लाखांहून अधिक लोकांची माहिती त्या प्रकरणात उघड्यावर पडली. २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड झाला.

एक्स्टेन्शनची गोष्ट याहून घरगुती आहे. स्क्रिप्ट हा दारावरचा फेरीवाला, तर एक्स्टेन्शन म्हणजे घरात ठेवलेला सालगडी. हा गडी कामावर येताना आपल्या अटी सांगतो, ही त्याची सचोटी. क्रोम ब्राउझर त्या स्वच्छ लिहून दाखवतो: सगळ्या संकेतस्थळांवरची तुमची सगळी माहिती हा वाचील आणि बदलील. आता सांगा, 'मी तुमची सगळी पत्रे फोडून वाचीन, वाटल्यास त्यांतला मजकूरही बदलीन,' असे म्हणणाऱ्या गड्याला कोणती गृहिणी उंबरा ओलांडू देईल? पण इथे आपण त्याला हसत आत घेतो. कशासाठी? तर पडद्यावर फुलपाखरे उडावीत म्हणून!

बरे, गडी आज प्रामाणिक असला तरी त्याचा धनी बदलू शकतो. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचे एक उपयोगी एक्स्टेन्शन लाखो लोक वापरीत होते. २०२० मध्ये ते मूळ कर्त्याने दुसऱ्याला विकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनेच ते घातक ठरवून बंद पाडले. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून एका हितचिंतकाने मला शुद्धलेखन तपासणारे एक एक्स्टेन्शन घ्यायची गळ घातली होती. मी म्हटले, "बाबा रे, माझा खलनायक अकराव्या प्रकरणात काय करणार हे अजून माझ्या घरच्यांना ठाऊक नाही, ते त्या परक्याला कशाला?"

आता कोणी म्हणेल, गुरुजी, मग काय सगळे बंद करून बसायचे? मुळीच नाही. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. गढ्या आणि वाडे बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांना एक गोष्ट कळत होती: मोठ्या दरवाजाला दिंडी ठेवावी. रात्री दरवाजा बंद. ओळखीचा माणूस आला तर दिंडीतून आत. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नेमकी हीच सोय आहे. 'साइट सेटिंग्ज'मध्ये जावे. सूचना पाठवण्याची परवानगी सरसकट बंद करावी, आपोआप उघडणाऱ्या खिडक्या बंद ठेवाव्यात, आणि ज्या संकेतस्थळाला खरोखर गरज आहे त्याचेच नाव अपवाद म्हणून लिहावे. एक्स्टेन्शनलाही 'सगळीकडे' ऐवजी 'मी टिचकी मारली तरच' किंवा 'एवढ्याच संकेतस्थळावर' असे बजावता येते. महिनोन्महिने वापरले नाही ते काढून टाकावे. ज्याला हौस आहे त्याने जावास्क्रिप्टही बंद करून हवे तिथेच चालू करून पाहावे. फारसे शिक्षण लागत नाही. मी मॅट्रिकपलीकडे गेलेलो नाही.

मात्र घरच्या माणसाने दिंडी राखायची आणि कचेरीने वेस सताड उघडायला लावायची, हे कसे चालेल? आपल्याकडे सरकारी टेंडर भरणाऱ्यांना पोर्टलचे नाव जावाच्या सुरक्षेतून वगळा, अशी सूचना कित्येक वर्षे पाळावी लागे. 'हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहावे' हा मंत्र तर आपण पुष्कळ वर्षे जपला. तो ब्राउझर २०२२ मध्ये निवर्तला. याची फळे काय होतात ते दक्षिण कोरियाला विचारा. तिथे बँकेचा व्यवहार करायचा तर ॲक्टिव्हएक्स नावाचे जोडकाम बसवणे वर्षानुवर्षे भाग होते. सगळे राष्ट्र न वाचता 'होय' म्हणायला शिकले. २०१४ मध्ये तिथल्या एका गाजलेल्या मालिकेतल्या नायिकेचा कोट चिनी लोकांना विकत घेता येईना, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्षांनी या कटकटीवर बोट ठेवले. आणि त्या व्यवस्थेमागच्या सरकारी प्रमाणपत्राची मक्तेदारी संपायला डिसेंबर २०२० उजाडला.

आणि तोटा कोणाच्या माथी? रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक काढून पाहा. त्रयस्थाने केलेल्या चोरीची खबर तीन कामकाजी दिवसांत दिली तर ग्राहकाचे नुकसान शून्य, हे त्यात चांगले आहे. पण ग्राहकाचा हलगर्जीपणा असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचा सगळा तोटा त्याचा. मी विचारतो, 'अलाऊ केल्याबिगर पुढंच सरकत नाय' हा हलगर्जीपणा कोणाचा? माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांचे उसाचे बिल खात्यात जमा होते. वर्षभराच्या घामाचा तो पैसा. 'आमच्या खात्यात आहे काय चोरायला?' म्हणणाऱ्यांनी बिल जमा होईल तो दिवस आठवावा.

पान साधे ठेवले तर काम होत नाही, हे कारण तर मला कोणी सांगूच नये. याच बारामतीत मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारायचे एकही अक्षर नाही. म्हणजे रामाचे नावसुद्धा घेता येत नाही! तरी रामकथा पुरी झाली. मग सातबाऱ्याच्या चार ओळी दाखवायला आमच्या पोर्टलांना खिडक्यांचा आणि चिठ्ठ्यांचा एवढा लवाजमा का लागावा? ज्या कचेरीला नागरिकाच्या यंत्रातले एखादे कुलूप काढायला लावायचे असेल, तिने कोणते कुलूप, किती वेळ आणि का, हे मराठीत लिहून खाली सही करावी. सही करायची पाळी आली की निम्म्या परवानग्या आपोआप अनावश्यक ठरतील, अशी माझी खात्री आहे.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानसारख्या संस्थांतून संगणक शिकलेली मुले दर वर्षी बाहेर पडतात. त्यांतल्या दोघादोघांनी या सुट्टीत एकेका सेवा केंद्रात जावे, यंत्रांतली एक्स्टेन्शने मोजावीत, सूचनांच्या परवानग्या पुसाव्यात, आणि ज्यांना अपवाद करायचा त्या संकेतस्थळांची नावे ठसठशीत मराठीत लिहून खुर्चीसमोरच्या भिंतीवर चिकटवावीत. आठदहा नावांहून अधिक भरणार नाहीत.