चेहरा द्यायचा की नाही, हे कोण ठरवणार?



बायकांच्या प्रश्नांवरच्या अंकात कलेवर संपादकीय कशासाठी, असं काहीजणींना वाटेल. त्यातून मी लिहिते आहे सुरगाण्यातून. इथे कलादालन नाही आणि घाटाखालच्या पाड्यांवर पावसाळ्यात फोनला रेंज मिळाली तरी पुष्कळ. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवरच्या काही गावांनी 'रस्ता, पाणी, दवाखाना देता येत नसेल तर आम्हाला गुजरातेत घाला' अशी मागणी केली होती. रस्ता यायचा तेव्हा येवो, नवं तंत्रज्ञान मात्र अंगणवाडीच्या दारात येऊन उभं राहिलं आहे. त्याला नेमकं काय विचारायचं, हे समजून घेताना मला एका मुंबईकर कलावंत स्त्रीच्या कामाचा उपयोग झाला. म्हणून हे लिहिणं.

शिल्पा गुप्ता यांचा जन्म १९७६ चा, मुंबईतला. जे. जे. कला महाविद्यालयात त्या शिल्पकला शिकल्या. त्यांची कला दिवाणखान्यात टांगायची नव्हे. तिला संकल्पनात्मक कला म्हणतात. तिथे वस्तू हे निमित्त असतं, मुख्य असतो तो विचार. २००२ साली त्यांनी 'युअर किडनी सुपरमार्केट' ही मांडणी केली. एखाद्या झगझगीत दुकानात माल लावावा तशी त्यात मूत्रपिंडं विक्रीला मांडलेली होती. अवयवांच्या विक्रीवर १९९४ च्या कायद्याने बंदी आलेली होती, तरी गरिबाचं मूत्रपिंड पैसेवाल्याकडे जातच होतं. प्रत्यारोपणाचं शास्त्र जीव वाचवतं हे खरंच; पण कोणाच्या शरीराच्या जिवावर, हा प्रश्न त्या दुकानात शिरणाऱ्याला टाळता येत नव्हता. पुढे २००३ साली त्यांनी संगणकाच्या जाळ्याची केबल वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळी नेऊन तिला आशीर्वाद घेतले. यंत्रावर आपण किती भाबडेपणाने श्रद्धा ठेवतो, हे दाखवायला याहून वेगळं काय हवं?

आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची वाटते ती २००६-०७ च्या सुमाराची 'शॅडो' मालिका. प्रेक्षक खोलीत शिरतो. कॅमेरा त्याला टिपतो आणि त्याची सावली समोरच्या भिंतीवर उमटते. मग वरून एकेक वस्तू येऊन त्या सावलीला चिकटू लागतात. माणूस हलला तरी त्या सुटत नाहीत, ढीग वाढतच जातो. प्रतिमा तुमची, पण तिच्यावर काय लादायचं हे ठरवणार यंत्र.

आता अंगणवाडीत या. गरोदर आणि स्तनदा मातांना व सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना जो घरपोच आहार मिळतो, त्यासाठी १ जुलै २०२५ पासून केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने चेहऱ्याची ओळख सक्तीची केली. सेविकेने आपल्या फोनवर 'पोषण ट्रॅकर' उघडायचं, बाईचा आधार क्रमांक भरायचा, आधारला जोडलेल्या नंबरवर आलेला ओटीपी विचारायचा, मग बाईचा फोटो घ्यायचा. पुढे दर महिन्याला चेहरा जुळला तर पाकीट.

कागदावर हे सोपं दिसतं. पण आधारला नंबर कोणाचा जोडलेला असतो? घरात एकच फोन असेल तर तो नवऱ्याचा. आणि दिवाळीनंतर नवरा असतो दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत. म्हणजे जो आहार कायद्याने तिच्या हक्काचा, तो घेण्यासाठी पुन्हा पुरुषाकडे आकडा मागायचा! सेविकेकडून फोटोच जुळला नाही तर बोलणी तिने खायची, कारण समोर उभी असते ती. यंत्र बनवणारा नव्हे. एका पाड्यावरच्या बैठकीत एक बाई म्हणाली, 'अंगठा घेतला तेव्हा कागद तरी दिसत होता. आता तोंड घेतात, ते ठेवतात कुठं?' बैठकीतल्या कोणाकडेच याचं उत्तर नव्हतं.

यंत्र सगळ्यांना सारखंच ओळखतं, हाही समजच आहे. अमेरिकेत २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघी संशोधकांनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगणारी तीन कंपन्यांची यंत्रणा तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. अंगणवाडीतली यंत्रणा ती नव्हे आणि तिचं कामही वेगळं आहे. पण यंत्र घडवताना कोणाचे चेहरे समोर ठेवले, हा प्रश्न इथेही विचारायलाच हवा.

कलादालन आणि अंगणवाडी यांत एक मोठा फरक मात्र आहे. शिल्पा गुप्तांच्या खोलीत शिरलेल्या माणसाला सावलीवरचं ओझं सहन झालं नाही तर तो दाराबाहेर पडू शकतो. सुरगाण्यातली सात महिन्यांची पोटुशी बाहेर पडली तर तिचं पाकीट जातं. माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला संमती म्हणायचं नाही. २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातही सरकारी लाभ देण्यासाठी काही अटींवर संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा सरकारला ठेवलेली आहे. तेव्हा हा प्रश्न आपण लावून धरला नाही तर दुसरं कोणी धरणार नाही.

आपल्या चळवळीला हे नवं नाही. ऐंशीच्या दशकात गर्भजल परीक्षा आली तेव्हा 'बायका स्वेच्छेने येतात, तुम्ही अडवणाऱ्या कोण?' असं आपल्याला सुनावलं गेलं. ही स्वेच्छा सासरच्या दडपणाखाली घडते, हे आपण ठासून सांगितलं. मुंबईतल्या संघटनांच्या लढ्यातून १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला, १९९४ साली केंद्राचा. तो नुसता कागदावर राहिला तेव्हा २००० साली 'सेहत', 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. तंत्रज्ञान कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या शरीरावर चालतं, हे तपासायला आपण तेव्हाच शिकलो.

सरकारचं म्हणणं असं की खोटी नावं घालून आहार लाटला जातो, त्याला आळा बसेल. चोरी होते हे आपणही सांगत आलो आहोत. पण पाकीट कारखान्यातून निघून गोदामातून पाड्यावर येईपर्यंत अनेक हातांतून जातं. त्या हातांचे चेहरे कोणी तपासत नाही. तपासणी सुरू होते ती रांगेतल्या शेवटच्या बाईपासून.

म्हणून आपली भूमिका स्पष्ट असावी. चेहरा जुळला नाही, रेंज नसली, ओटीपी आला नाही, तरी त्याच दिवशी वहीत नोंद करून आहार मिळालाच पाहिजे. फोटो कुठे जातो, किती काळ राहतो, कोण पाहतं, हे बाईला कळेल अशा बोलीत आधी सांगितलं पाहिजे. चेहरा न देता आहार घेण्याची वाट उघडी हवी. आणि यंत्राच्या चुकीचा भुर्दंड सेविकेवर पडता कामा नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा आहार हक्क ठरवला आहे. आधार नाही म्हणून कोणत्याही बालकाचा लाभ नाकारू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये म्हटलं आहे. ग्रामसभेत ठराव मांडताना हे दोन्ही आधार हाताशी ठेवा.

आणि कला? ती मुंबईच्या दालनात राहिली तर आपल्या उपयोगाची नाही. 'मुलगी झाली हो' गावोगाव फिरलं तेव्हा शंभर भाषणांचं काम त्याने केलं. आमच्या भागात बोहाड्याची परंपरा आहे. मुखवटा चढवून माणूस देव होतो, राक्षस होतो, आणि सोंग उतरल्यावर आपला चेहरा आपल्याकडे परत येतो. त्यात बाईचं सोंगही बहुधा पुरुषच घेत आले. आता बायकांनीच एक सोंग उभं करावं: एका डोळ्याचं, ओटीपी मागणारं, 'तू तू नाहीस' म्हणून सांगणारं. हसता हसता पाड्यावरची प्रत्येक बाई त्याला प्रश्न विचारू लागेल.

तुमच्या भागात काय घडतं आहे? किती जणींचा आहार यंत्रापायी अडला, कोणत्या गावाने ठराव केला, सेविकांचं म्हणणं काय, हे कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा राखून ठेवतो आहोत.