रडणारी बाई दिसते, बोलणारी का दिसत नाही?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला आणि आमच्या पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ पाण्यानं वेढलं गेलं. ८ ऑगस्टला गावातल्याच बोटीतून लोक बाहेर पडत होते. बोट उलटली. बुडालेल्यांत बायका आणि मुलंच जास्त होती. कुंडलपासून हे गाव काही लांब नाही. इथल्या लेकी नदीकाठच्या गावांत दिलेल्या, तिथल्या इकडं आलेल्या. त्यामुळं ती बातमी आमच्यासाठी घरचीच होती.

पुढचे काही दिवस वाहिन्यांनी काय दाखवलं? हंबरडा फोडणारी आई. तोच तुकडा, पुन्हा पुन्हा, खाली धावत्या अक्षरांत ‘ताजी बातमी’. मृतदेहांची छायाचित्रं मोबाइलवरून गावोगाव फिरली. सांगलीत बचावबोटीत बसलेली एक बाई जवानांच्या पाया पडली, तेही चित्र देशभर गाजलं. तिची कृतज्ञता खरीच होती. पण पुरातली बाई दोनच रूपांत दिसली: एक रडणारी, दुसरी पाया पडणारी.

बातमी देऊच नये असं कुणी म्हणत नाही. बातमी आली म्हणून मदतीच्या गाड्या आल्या, सरकारला उत्तरं द्यावी लागली. ब्रह्मनाळची बातमी दडली असती तर ते जास्त वाईट झालं असतं. आमचं म्हणणं वेगळं आहे. जिचं माणूस गेलंय तिच्या तोंडासमोर दांडकं धरून ‘आता तुम्हाला काय वाटतंय?’ असं विचारण्यात कुठली माहिती मिळते? आणि माहिती मिळत नसेल, तर पाचव्या, दहाव्या कॅमेऱ्यापुढं तिनं तेच का सांगायचं? शाळेच्या वर्गात आसरा घेतलेल्या बाईला ना दार असतं, ना आडोसा. ओल्या लुगड्यानिशी ती जगापुढं येते. परवानगी कुणी विचारत नाही, आणि त्या अवस्थेत ‘नको’ म्हणायचं बळ तिच्यात नसतं. कॅमेऱ्यामागं मदत येईल अशी आशाही असतेच. अशा संमतीला संमती म्हणायचं का?

नियम नाहीत असंही नाही. वैयक्तिक दुःखाच्या क्षणी छायाचित्रासाठी घुसखोरी टाळावी, असं प्रेस कौन्सिलची आचारसंहिता सांगते. त्याच ठिकाणी आपत्तीग्रस्तांची छायाचित्रं व्यापक जनहिताची असू शकतात, अशी सवलतही आहे. सवलत तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहते. शिवाय प्रेस कौन्सिलचा अधिकार वर्तमानपत्रांपुरता, वाहिन्यांवर नाही. आईबाप गमावलेल्या मुलांची गोष्ट तर सरळ कायद्याची आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र छापता येत नाही. तरी प्रत्येक आपत्तीनंतर ‘अनाथ झालेलं लेकरू’ पहिल्या पानावर येतंच.

पाणी ओसरलं की कॅमेरेही ओसरतात. बाईचे खरे प्रश्न तिथून सुरू होतात. २०१९ साली ग्रामीण भागात कुटुंबामागं १० हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झालं. कुटुंब म्हणजे कोण? पैसे कुणाच्या खात्यात? माहेरी राहणाऱ्या परित्यक्तेचं काय? वेगळ्या रेशनकार्डासाठी सांगली-साताऱ्याच्या बायकांनी मोर्चे काढले ते याचसाठी. पडलेलं घर दिराच्या नावावर असेल तर पंचनाम्यात विधवेची नोंद होते का? गावात बोटी किती होत्या, इशारा कधी मिळाला, हे त्या बाईला चांगलं ठाऊक असतं. ते तिला कोण विचारतो?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही ढिगाऱ्याजवळ बसलेल्या बाईची छायाचित्रं सगळीकडं गेली. पुढं पुनर्वसनाच्या कामात महिला मंडळांच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या, भूकंपात टिकणारी बांधणी समजून घेऊन गावाला समजावू लागल्या. ती छायाचित्रं किती जणींनी पाहिली?

कुंडल रोड स्टेशनाजवळच्या किर्लोस्करवाडीतून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. बाईला स्वतःचं म्हणणं असतं आणि ते छापण्याजोगं असतं, हे या मातीनं तेव्हाच मानलं. त्याच मातीतल्या बाईचे आज फक्त अश्रू विकले जावेत, याचा राग यायलाच हवा.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या पुराआधीच आपण तीन गोष्टी ठरवू. निवारा केंद्रात बायका झोपतात त्या खोलीत कॅमेरा जाणार नाही, हे तहसीलदारांकडून लेखी घेऊ. वार्ताहरांशी बोलायचं की नाही, हे बाई स्वतः ठरवेल आणि तेव्हा गटातली एक जण तिच्याशेजारी असेल. मदत घेणाऱ्या बाईचा फोटो आपल्या संघटनांच्या अहवालातही छापला जाणार नाही. आणि वार्ताहर बंधू-भगिनींना एवढंच सांगणं: पाणी उतरल्यावर सहा महिन्यांनी या. तेव्हा आमच्याकडं सांगण्यासारखं पुष्कळ असेल.