तारा गळ्यात, डोक्यात काय?

सध्या ऑनलाइन दुकानांतून चांदीचे चार्म मागवायचं फॅड आलंय. सहा टोकांचा तारा, हाताचा पंजा, हिब्रू अक्षरं, बारीकशी 'मेझुझा'... आणि खाली ठरलेली थाप: नजर लागत नाही, पैसा टिकतो. आमच्या नेकनूरपर्यंत कुरिअर पोचतं, तसा हा मालही पोचलाय. चांदी घालण्याला माझी हरकत शून्य. हरकत आहे ती थापेला.

मेझुझाच घ्या. ज्यू घराच्या चौकटीवर लावतात त्या डबीत हाताने लिहिलेलं चर्मपत्र असतं. पवित्र तो मजकूर, डबी नव्हे. गळ्यातलं पेंडंट बहुतेक वेळा रिकामंच असतं. म्हणजे फोल्डर आहे, फाइल नाही! 'हाय' म्हणजे जीवन. त्यातल्या दोन अक्षरांची किंमत ८ आणि १०, म्हणून ज्यू लोक १८ च्या पटीत आहेर करतात, आपल्या १०१ च्या पाकिटासारखं. यात पैसा टिकायचा काय संबंध? पंजा नजरेसाठी वापरतात हे खरं, पण तो एकट्या ज्यूंचा नाही. मुसलमान त्यालाच फातिमाचा हात म्हणतात.

आणि इथेच दुसरी मंडळी येतात. शेजारच्या मोहल्ल्याला डिवचायला तारा घालणारी. यांची मला जास्त चीड येते. अरे बाबांनो, १९४१ मध्ये नाझींनी जर्मनीतल्या ज्यूंच्या कपड्यांवर हाच तारा पिवळ्या कापडाचा शिवायला लावला, माणसं वेगळी काढायला. तेच काम तुम्ही उलट्या बाजूने करताय!

बरं, ज्यू म्हणजे कोणी परके का? कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे 'शनवार तेली', म्हणजे बेने इस्रायल, घरात मराठीच बोलायचे. 'बूट पॉलिश' (१९५४) मधले जॉन चाचा हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आडनावातच चौल आहे. यांच्यातले पुष्कळ जण इस्रायलला गेले, तर तिथल्या धर्मपीठाने यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. १९६४ मध्ये जेरुसलेमला धरणं धरून त्यांना आपला हक्क मिळवावा लागला. ताऱ्याची किंमत त्या मराठी माणसांना विचारा.

तेव्हा तारा आवडला तर खुशाल घाला, दागिना म्हणून घाला. पण ताईत म्हणून विकू नका, आणि दगड म्हणून तर अजिबात फेकू नका.

असो. ज्यांना झोंबलं असेल त्यांनी कॉमेंटमध्ये भांडावं, पण आधी वाचून यावं.