कोल्ह्याची पिल्लं कुठं असतात?

मोहोपाड्यात आता इमारती झाल्या, रसायनीच्या कारखान्यांचे दिवे रात्रभर जळतात, तरी एखाद्या रात्री पाताळगंगेच्या अंगानं कोल्हेकुई ऐकू येतेच. परवा आली, तेव्हा नात माझ्या मांडीला टेकून इसापनीती वाचत होती. तिसरीत आहे. जोडाक्षर आलं की बोट थांबतं, ओठ दोनदा हलतात, मग शब्द बाहेर पडतो. द्राक्षं आंबट ठरली, गोष्ट संपली. तिनं पान उलटून पाहिलं आणि विचारलं, "आजी, ह्या कोल्ह्याची पिल्लं कुठं असतात?"

पुस्तकात पिल्लं नव्हती. पंचतंत्रातल्या करटक-दमनक ह्या कोल्ह्यांनाही नाहीत. आपल्या गोष्टींतला कोल्हा लबाडीपुरता येतो आणि दीड पानात निघून जातो. त्या गोष्टी मला प्रिय आहेत, पण त्यांतली जनावरं म्हणजे माणसंच. आठ वर्षांच्या पोरीला खरं जनावर हवं असतं, आणि ते चांगलं दहा रात्री सोबतीला हवं असतं.

खरा कोल्हा तर किती सांगण्याजोगा! नर-मादी जोडीनं राहतात. पिल्लं बिळात. आईबाप शिकार पोटात भरून आणतात, बिळाशी येऊन ओकतात, ते पिल्लं खातात. मागच्या वर्षीचं एखादं मोठं पोर घर न सोडता धाकट्यांची राखण करतं, त्यांना भरवतं. हे ऐकून नात जराशी गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे ताईच की ती!" तिला धाकटा भाऊ आहे.

एवढ्यात सहज दहा प्रकरणं निघतील. पण असं पुस्तक मराठीत शोधायला गेलं की हात रिकामे राहतात. लहानग्यांसाठी चित्रांची पुस्तकं आता सुरेख निघतात. त्यानंतर एकदम जाडजूड कादंबरी. मधली पायरी म्हणजे ठसठशीत अक्षर, साठ-सत्तर पानं, झोपताना एक प्रकरण आणि 'पुढचं उद्या'. तिथंच मूल वाचनातून निसटतं, असं मला मनापासून वाटतं.

लिहिणारे आपल्याकडे नाहीत असं कसं म्हणू? व्यंकटेश माडगूळकरांनी १९८२ साली 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांची कथा सांगितली, ती वानरांना वानर ठेवूनच. १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. ती मोठ्यांची कादंबरी, पण नजर तीच हवी. सलीम सरदार मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला २०१९ साली बालसाहित्य पुरस्कार मिळाला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

अमेरिकेत ई. बी. व्हाइट यांनी 'शार्लट्स वेब' लिहिण्याआधी कोळ्यांचा कसून अभ्यास केला. गोठ्यातल्या कोळ्याची अंड्यांची पिशवी त्यांनी मिठाईच्या खोक्यात घालून न्यूयॉर्कच्या घरी नेली, तिथं अंडी फुटून पिल्लं बाहेर आली. १९५२च्या त्या पुस्तकात अंडी घातल्यावर कोळीण मरते. लेखकानं तिला वाचवलेलं नाही, आणि मुलं ते पुस्तक अजून उराशी धरतात. मुलांना खोटं नको असतं.

असं पुस्तक मराठीत येईल तोवर आम्ही दोघींनीच कोल्ह्यांची गोष्ट सांगायला घेतली आहे, रोज एक प्रकरण. पाचव्यात अडलो. पाऊस लागला, बिळात पाणी शिरेल, मग पिल्लांचं काय? दुसऱ्या दिवशी बाजारात एक कातकरी बाई पाटीत मुठे, म्हणजे खेकडे, घेऊन बसली होती. नातीनं तिलाच गाठलं. बाई हसली. म्हणाली, "पावसापातूर पिल्लं चालती-फिरती व्हतात. वढ्यावर येतात, मुठं खातात, नांग्या तेवढ्या टाकून जातात."

त्या रात्री सहावं प्रकरण ओढ्याकाठी सुरू झालं. धाकट्या पिल्लानं दगडाखाली नाक घातलं, मुठ्यानं नांगीनं ते धरलं, आणि ताई धावत आली.