गाडी-गप्पा : इंजिन कुठे, मुले कुठे?



गणपतीच्या तयारीच्या सभेनंतर एका मित्राने हळूच विचारले, "दोन मुले आहेत, तरी स्पोर्ट्स कार जमेल का रे?" उत्तर इंजिनाच्या जागेत दडले आहे.

१९९६ साली आलेल्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या पुढे होते. वजन मधोमध, त्यामुळे वळणावर गाडी झकास! पण मुलांची जागा इंजिनाने घेतली. फेरारीने १९८० च्या मोंडियालमध्ये मागे दोन सीट बसवल्या, त्या चाकांमधले अंतर बरेच वाढवून.

पोर्शे ९११ चे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. म्हणून मध्ये दोन छोट्या सीट मावतात. मोबदला म्हणजे जड शेपूट. जुन्या ९११ मध्ये वळणावर एकदम ॲक्सिलरेटर सोडला, तर मागची बाजू बाहेर फेकली जाई. १९६९ च्या मॉडेलपासून चाकांमधले अंतर ५७ मिलिमीटरने वाढवले, ते तोल सुधारण्यासाठीच.

आमची सहा वर्षांची कन्या शोरूममधल्या ९११ मध्ये मागे मजेत बसली. मी बसलो तर मान वाकडी आणि गुडघे छातीशी! भारतातून आई-बाबा आले, तर त्यांना एअरपोर्टवरून आणायला दुसरी गाडी हवीच.

मित्राला सांगितले, घरात दुसरी गाडी असेल आणि घ्यायचीच असेल, तर आत्ता घे. आधी दोन्ही चाइल्ड सीट नेऊन बसवून बघ. मुले वाढतात, मागची सीट वाढत नाही!