एका पायावरचा धीर

पिचर हात मागे नेतो आणि त्याच क्षणी समोरचा डावखुरा फलंदाज आपला पुढचा, म्हणजे उजवा पाय गुडघ्यात दुमडून कमरेच्या उंचीपर्यंत उचलतो. सगळा भार डाव्या पायावर. चेंडू सुटतो. दुसरा कुणीही असता तर एव्हाना पुढे झेपावला असता. हा हलत नाही. चेंडू अगदी जवळ आल्यावर पाय खाली येतो, कंबर वळते, बॅट फिरते आणि चेंडू उजव्या अंगाला बसलेल्या प्रेक्षकांत जाऊन पडतो. टोकियोच्या माणसांनी हे दृश्य १९६२ पासून १९८० पर्यंत पाहिलं.

त्या फलंदाजाचं नाव सदाहारू ओह. बावीस हंगाम, एकच संघ, ८६८ होमरन. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये बॅरी बॉन्ड्स ७६२ वर थांबला, हँक आरन ७५५ वर, बेब रूथ ७१४ वर. जपानमधली मैदानं तेव्हा लहान होती, तिथल्या पिचरांचा वेग अमेरिकेइतका नव्हता, असं म्हटलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण त्याच मैदानांत, त्याच पिचरांसमोर जपानचे बाकीचे फलंदाजही खेळत होते. त्यांच्यातला एकही ७०० पर्यंतसुद्धा पोचला नाही.

होमरन म्हटलं की आडदांड शरीर डोळ्यांपुढे येतं. ओहची उंची १७७ सेंटिमीटर, अंगकाठी सडसडीत. चेंडू पिचरच्या हातून सुटला की अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी येतो, क्रिकेटसारखा टप्पा मध्ये नसतो आणि बॅट गोल असते. एवढ्याशा वेळात खरं अवघड काम कोणतं असेल, तर घाई न करणं. ओहची सगळी ताकद त्या न करण्यात होती, असं मला वाटतं. आणि मैदानाबाहेरचं त्याचं आयुष्यही त्याच एका गुणावर उभं होतं. त्या गुणाची एक किंमतही होती. तिच्याबद्दल पुढे लिहायचंच आहे.

ओहचे वडील चीनच्या झेजियांग प्रांतातून जपानला आले, जपानी बाईशी त्यांनी लग्न केलं आणि टोकियोच्या सुमिदा भागात चिनी नूडल्सचं छोटं खानावळवजा दुकान चालवलं. १९४० साली सदाहारू जन्मला. १० मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यात टोकियोचा हा कामगारवस्तीचा भाग जळून गेला, तेव्हा तो पाच वर्षांचाही नव्हता. वडिलांचं स्वप्न साधं होतं: एक मुलगा डॉक्टर करायचा, दुसरा विजेच्या कामातला इंजिनिअर, आणि दोघांना घेऊन गावी परत जायचं. थोरला डॉक्टर झाला. धाकटा सरकारी हायस्कूलच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला आणि वासेदा जित्सुग्यो या खासगी शाळेत गेला. तिथला बेसबॉल संघ देशात नावाजलेला होता.

शालेय बेसबॉलची कोशिएनची स्पर्धा जपानमध्ये काय असते हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही. सबंध देश रेडिओला कान लावून बसायचा. १९५७ च्या वसंतातल्या स्पर्धेत ओह पिचर होता. डाव्या हाताच्या बोटांना फोड आले, फुटले, चेंडूला रक्त लागू लागलं, तरी तो सामन्यामागून सामना टाकत राहिला आणि शाळेने स्पर्धा जिंकली. उन्हाळ्यातल्या स्पर्धेत तर त्याने अकरा इनिंगपर्यंत गेलेल्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिली नाही.

त्याच वर्षी शरद ऋतूत राष्ट्रीय क्रीडा महोत्सव होता. शाळेचा संघ निवडला गेला. ओहला मात्र खेळता येणार नाही असं कळलं. नियम असा की खेळाडू जपानी नागरिक हवा. त्या काळच्या कायद्यात मुलाचं नागरिकत्व वडिलांवरून ठरायचं आणि वडील चिनी. टोकियोत जन्मलेला, टोकियोचीच भाषा बोलणारा, सहा महिन्यांपूर्वी सगळ्या देशाने डोक्यावर घेतलेला सतरा वर्षांचा मुलगा एका कागदापायी बाहेर बसला. त्याने आरडाओरडा केला नाही. पुढेही त्याने जपानी नागरिकत्व घेतलं नाही, वडिलांकडून आलेला चिनी प्रजासत्ताकाचा, म्हणजे आजच्या तैवानचा पासपोर्ट तसाच ठेवला. या दोन्ही गोष्टी मी एकत्र ठेवून बघते तेव्हा त्या शांतपणात दबलेपण दिसत नाही, ठामपणा दिसतो.

१९५९ मध्ये योमिउरी जायंट्स या सगळ्यात बलाढ्य संघाने त्याला घेतलं आणि पिचर म्हणून तुझं काम नाही, पहिल्या बेसवर उभा राहा नि फलंदाजी कर, असं सांगितलं. पहिल्या २६ प्रयत्नांत त्याला एकही हिट मिळाली नाही. सत्ताविसाव्या वेळी मिळाली ती थेट होमरनच. पण हंगामाअखेर सरासरी होती .१६१, होमरन सात आणि तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचे प्रसंग ७२. ओह या आडनावाचा अर्थ राजा. प्रेक्षक त्याला स्ट्राइकआऊटचा राजा म्हणून ओरडू लागले. पुढची दोन वर्षं थोडी बरी गेली, पण तरुण वयातला पैसा आणि टोकियोच्या गिन्झा भागातल्या रात्री यांत तो वाहवत चालला होता. १९६१ मध्ये होमरन फक्त तेरा.

इथे हिरोशी आराकावा हा माणूस पुन्हा आला. पुन्हा म्हणायचं कारण, १९५४ मध्ये सुमिदा नदीकाठच्या बागेत शाळकरी पोरांचा सामना बघत उभ्या असलेल्या आराकावांनीच ओहला पहिल्यांदा हेरलं होतं. पोरगा चेंडू डाव्या हाताने टाकतो आणि बॅट मात्र उजव्या हाताची धरतो, हे बघून त्यांनी त्याला डाव्या बाजूने उभं राहायला सांगितलं. आराकावा तेव्हा स्वतः व्यावसायिक खेळाडू होते. १९६२ साली जायंट्सनी त्यांना फलंदाजीचे प्रशिक्षक नेमलं आणि ओहला त्यांच्या हाती दिलं.

आराकावांनी आधी दारू आणि सिगारेट बंद करायला लावली. मग दोष शोधला. ओह फार लवकर पुढे जायचा. चेंडू येण्याआधीच शरीर त्याच्याकडे धाव घ्यायचं, त्यामुळे वेगवान चेंडूला उशीर आणि संथ चेंडूला घाई, दोन्हीकडून फसगत. हे त्याला सांगून भागत नव्हतं. शरीराला लागलेली सवय शब्दांनी सुटत नाही. तेव्हा आराकावांनी उपाय काढला: पुढचा पाय उचलून ठेव. एका पायावर उभा असलेला माणूस वेळेआधी हलला की तोल जातो. घाई केली की शिक्षा तिथल्या तिथे. मला हा उपाय विलक्षण वाटतो, कारण कुठलाही चांगला शिक्षक शेवटी हेच करतो: चूक झाल्याचं आपण सांगण्याऐवजी विद्यार्थ्याच्या अंगालाच ती कळेल अशी सोय लावतो.

१ जुलै १९६२ ला कावासाकीच्या मैदानात तैयो व्हेल्सविरुद्ध तो पहिल्यांदा असा उभा राहिला. त्या दिवशी त्याने होमरन मारला, आणि वर्ष संपलं तेव्हा ३८ होमरनसह लीगमध्ये पहिला होता.

पण ती सुरुवात होती, आणि एका पायावर उभं राहणं आजमावून पाहणारे फलंदाज नंतरही झाले. ओहचा वेगळेपणा त्यानंतरच्या रोजच्या मेहनतीत आहे. आराकावा त्याला आयकिदो या युद्धकलेचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा यांच्या दोजोत, म्हणजे सरावशाळेत, घेऊन गेले. समोरचा हल्ला करतो तेव्हा त्याच्या अंगावर न जाता त्याला आपल्यापर्यंत येऊ कसं द्यायचं, शरीराचा भार बेंबीच्या खालच्या भागात कसा धरायचा, हे तिथे शिकायचं होतं. मग तलवार आली. छताला दोरीने कागदाची पट्टी टांगायची आणि खऱ्या जपानी तलवारीने ती कापायची. कागद हलका, नुसता जोर लावला तर पातं लागण्याआधीच तो वाऱ्याने बाजूला जातो, कापला जातो तो धार बरोबर कोनात आली तरच. आराकावांच्या घरी सामन्याआधी आणि सामना संपल्यावर रात्रीही हा सराव चाले. पायाखालच्या ताटामी चटया झिजून गेल्या. त्या खोलीतलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: उघड्या पायांचा ओह, हातात लांब तलवार, नजर पट्टीवर. त्यात कसलाही आवेश नाही. मन लावून काम करणाऱ्या कारागिराचा चेहरा आहे तो.

पुढची वर्षं आकड्यांनी भरलेली आहेत, ती मी भराभर सांगते. १९६४ मध्ये १४० सामन्यांत ५५ होमरन, त्यातले चार एकाच सामन्यात. १९६२ ते १९७४ सलग तेरा वर्षं होमरनमध्ये पहिला, एकूण पंधरा वेळा. १९७३ आणि १९७४ लागोपाठ सरासरी, होमरन आणि धावा मिळवून देणं या तिन्हींत अव्वल. त्याच संघातला शिगेओ नागाशिमा आणि तो एकापाठोपाठ फलंदाजीला यायचे, आणि १९६५ ते १९७३ सलग नऊ वर्षं जायंट्स जपानचे विजेते होते. लोकांचं जीव ओवाळून टाकणारं प्रेम नागाशिमाच्या वाट्याला जास्त आलं. तो हसरा, बेभान. ओह शेजारी उभा राहायचा, कुरकुर न करता.

एक आकडा मात्र थांबून बघण्याजोगा आहे. पिचरने चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. ओहला असे २,३९० वेळा चालत जायला मिळालं, त्यातले कितीतरी घाबरून टाकलेले. हिरोशिमाच्या संघाने तर १९६४ मध्ये जवळजवळ सगळे क्षेत्ररक्षक मैदानाच्या उजव्या अर्ध्यात आणून उभे केले. डावीकडे हलकेच ढकललं तर हिट आयती होती. ओहने आपला फटका बदलला नाही. भिंत बांधली आहे ना, मग चेंडू भिंतीवरून जाईल.

नोव्हेंबर १९७४ मध्ये हँक आरन टोकियोला आला. त्याच वर्षी त्याने बेब रूथचा ७१४ चा विक्रम मोडला होता, आणि काळा माणूस गोऱ्या माणसाचा विक्रम मोडतो म्हणून धमक्यांची आणि शिव्यांची पत्रं पोत्यांनी झेलली होती. कोराकुएन मैदानात दोघांची होमरनची जुगलबंदी झाली, आरन १०, ओह ९. तिथून त्यांची मैत्री जुळली. १९९० पासून दोघांनी मिळून निरनिराळ्या देशांतल्या मुलांसाठी बेसबॉलचे मेळावे भरवले. ३ सप्टेंबर १९७७ ला याकुल्ट संघाच्या पिचरला मारलेला ओहचा ७५६ वा होमरन आरनच्या पुढे गेला. मैदानात आईवडिलांना बोलावलं गेलं. दोनच दिवसांनी पंतप्रधान ताकेओ फुकुदा यांनी खास यासाठी निर्माण केलेला राष्ट्रीय सन्मान त्याला दिला. हा सन्मान मिळवणारा पहिला माणूस, आणि त्याच्या खिशात जपानचा पासपोर्ट नव्हता.

१९८० मध्ये त्याने ३० होमरन मारले आणि निवृत्ती घेतली. आपल्याला हवी तशी फलंदाजी आता होत नाही, एवढंच कारण दिलं.

आता त्या किमतीबद्दल. १९८५ मध्ये ओह जायंट्सचे व्यवस्थापक होते. हान्शिन टायगर्सचा अमेरिकन रँडी बास ५४ होमरनवर आला, ओहच्या एका हंगामातल्या ५५ च्या विक्रमापासून एकच दूर, आणि शेवटचे सामने नेमके जायंट्सशी होते. जायंट्सच्या पिचरांनी बासला पुन्हा पुन्हा चेंडू बाहेर टाकून चालत पाठवलं. २००१ मध्ये टफी रोड्स ५५ वर पोचला, ओह तेव्हा फुकुओकाच्या हॉक्स संघाचे व्यवस्थापक. तेच घडलं, आणि परदेशी खेळाडूने ओहचा विक्रम मोडलेला बघवणार नाही, असं त्यांच्याच संघातला एक प्रशिक्षक उघड बोलला. २००२ मध्ये व्हेनेझुएलाचा अॅलेक्स काब्रेरा, ५५ वर, पुन्हा हॉक्सच. असा हुकूम आपण दिला नव्हता, असं ओह यांनी सांगितलं. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण हुकूम न देणं पुरेसं होतं का? परकेपणाच्या नावाखाली ज्याला सतराव्या वर्षी बाकावर बसवलं, त्याच्या नावाने इतरांना परकं ठरवलं जात होतं, आणि ते थांबवण्याचा अधिकार त्या क्षणी जपानमध्ये ज्याचं ऐकलं जाईल अशा एकाच माणसाकडे होता. पिचरला बोलावून चेंडू मधोमध टाक असं सगळ्यांसमोर सांगितलं असतं, तर ते ८६९ व्या होमरनइतकं मोलाचं झालं असतं. त्यांनी वाट बघितली. चेंडूच्या बाबतीत जे शहाणपण होतं ते इथे नव्हतं, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण बाकी सगळ्या आयुष्यात या माणसाने न्याय्य वागण्यात कसूर केलेली नाही.

हॉक्सकडच्या सुरुवातीच्या वर्षांत हरणाऱ्या संघाच्या बसवर चाहत्यांनी अंडी फेकली होती. ओह यांनी तोच संघ १९९९ मध्ये आणि २००३ मध्ये जपानचा विजेता केला. २००६ च्या पहिल्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये जपानच्या राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक तेच होते आणि सॅन दिएगोत क्युबाला १०-६ असं हरवून जपान जिंकला. त्याच उन्हाळ्यात कर्करोगामुळे त्यांचं जठर काढावं लागलं. पुढच्या हंगामात ते पुन्हा डगआऊटमध्ये हजर होते.

५५ चा आकडा अखेर १५ सप्टेंबर २०१३ ला मोडला. मोडणारा व्लादिमिर बालेंटिन, कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटाचा. टोकियोच्या जिंगू मैदानात त्याला त्या दिवशी खेळण्याजोगे चेंडू मिळाले, आणि ५६ वा नि ५७ वा होमरन त्याने एकाच सामन्यात मारला. समोरचा संघ होता हान्शिन टायगर्स, रँडी बासचा.